डोणीपर्यंतचे पाणी

परवा काही कामासाठी चिपळूणला गेलो होतो. परत निघताना सौ.ने खिशात घातलेली चिठ्ठी काढून पाहिली. शेवटची ओळ होती : "गोठ्यासाठी पाण्याची नळी, पन्नास फूट, या वेळी टिकणारी." शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. राग यायला कारणही होते. दिवाळीत मी आणलेली हिरवीगार नळी होळी येईपर्यंत जागोजाग चिरली होती आणि तिला बांधलेल्या चिंध्यांमुळे ती जखमी सैनिकासारखी दिसू लागली होती.

दुकानात हिरव्या, पिवळ्या, निळ्या, काळ्या अशा नळ्यांची वेटोळी मांडून ठेवली होती. मी विचारले, "टिकेल ना?" दुकानदार तरुण मुलगा. तो हसून म्हणाला, "काका, ऊन तुमच्या अंगणातले, गाय तुमची, ओढणार तुम्ही. मी कशाची गॅरंटी देऊ?" उत्तर उद्धट वाटले, पण खोटे नव्हते. शेवटी एक काळी नळी घेतली आणि एस.टी.त मांडीवर तिचे वेटोळे घेऊन बसलो. शेजारच्या बाई गुहागरपर्यंत जरा अंग चोरूनच बसल्या होत्या. डच भाषेत नळीला आणि सापाला एकच शब्द आहे असे कुठेतरी वाचले होते, ते आठवले.

मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवले, वसईचा तह शिकवला, चले जाव शिकवले. पण गोठ्यातल्या गाईपर्यंत पाणी कसे येत होते, हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता आणि मलाही कधी सुचला नाही. मांडीवरच्या त्या वेटोळ्याने तो सुचवला. म्हणून हा लेख. यात थोडा इतिहास आहे आणि थोडा कबुलीजबाब.

ज्यांनी गुहागर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमचे गाव म्हणजे समुद्राला समांतर गेलेला एक लांबच लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे. समुद्राच्या बाजूच्या घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे सुरूचे बन आणि मग पुळण. वाडीतली जमीन वाळूची, त्यामुळे विहिरीला पाणी वर असते. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला जमीन चढत जाते ती थेट सड्यापर्यंत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभा तो चाळणीसारखा खाली सोडून देतो. होळी झाली की सड्यावरचे पऱ्हे आटतात. मग वर चरायला गेलेली गुरे संध्याकाळी खाली उतरतात ती तहानेने. कोकणातल्या गाई अंगाने लहान, काटक, डोंगर चढणाऱ्या. अलीकडे या जातीची 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र नोंद झाली आहे. पण लहान असली तरी गाय ती गाय. उन्हाळ्यात तिला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागते. दुभती असली तर आणखी, आणि मोठ्या संकरित गाईला याच्या दुप्पटही.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, वाडीत रहाट होता. लाकडी चाक, त्यावर लोट्यांची माळ आणि गोल गोल फिरणारा रेडा. काही घरी माणसाने पायांनी फिरवायचा पायरहाट असे. पहाटे रहाटाची कुरकुर सुरू झाली की समजायचे, शिंपणे चालू झाले. लोट्यांतले पाणी आधी विहिरीच्या काठच्या दगडी डोणीत पडे. डोण म्हणजे दगडात कोरलेले किंवा चिऱ्यांनी बांधून चुन्याने गिलावा केलेले लांबट टाके. तिच्यात गुरे तोंड घालून पाणी पीत. डोण भरून वाहू लागली की पाणी पुढे पाटात आणि पाटातून झाडांच्या आळ्यांत जाई. आधी गाय आणि मग पोफळ, असा तो क्रम होता.

जिथे पाट काढता येत नसे तिथे पन्हळ लावत. म्हातारी झालेली, फळ न धरणारी पोफळ तोडायची, उभी चिरायची, आतला मऊ गाभा कोरून काढायचा, की एका झाडाच्या दोन पन्हळी तयार. दोन लाकडांच्या कैचीवर टेकवून एकीचे तोंड दुसरीत घालत न्यायची. सांध्यातून पाणी गळू लागले की शेण आणि माती थापायची. मेघालयात जैंतिया टेकड्यांवर हेच काम बांबू करतो. तिकडे बांबूच्या नळ्यांनी डोंगरातले पाणी थेंबाथेंबाने पानवेलीच्या मुळाशी पोचवतात. आमची पन्हळ दोन-तीन वर्षांत कुजे. पण ती टिकत नाही अशी तक्रार मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही, कारण पुढची पन्हळ वाडीत उभीच असे. 'टिकाऊ' हा शब्द बाजारातून वस्तू आणणाऱ्या माणसाचा आहे. जी वस्तू परसात उगवते तिला तो कुणी लावत नाही.

पन्हळीत एकच खोट होती. तिला उतार लागतो. उघड्या पन्हळीतून पाणी वर चढत नाही, आणि आमचा गोठा होता घराच्या बाजूला, चढावर, विहिरीपासून साठ पावलांवर. गुरे दिवसा विहिरीवर पीत, पण व्यायलेली गाय, आजारी जनावर, लहान वासरे गोठ्यातच असत. त्यांच्यासाठी गोठ्याच्या अंगणात, गडग्याला लागून दुसरी एक चिऱ्याची डोण होती. तिच्यात पाणी जायचे ते आईच्या कमरेवरून. दहा-बारा लिटरची कळशी धरली आणि दोन-तीन जनावरे धरली, तर उन्हाळ्यात दिवसाला दहा खेपा होतात. जाऊन-येऊन एकशेवीस पावले, गुणिले दहा. हे गणित मी आत्ता करतो आहे. तेव्हा केले नाही. तेव्हा मी विटीदांडू खेळत होतो.

आता देशावर जाऊ. घाटावरच्या विहिरी खोल, तिथे आमचा रहाट पुरत नाही, म्हणून तिथे मोट. कातड्याची मोठी पिशवी, खाली तिला निमुळती सोंड. बैल धावेवर उतरू लागले की मोट वर येते, सोंड दुमडलेली असते ती थारोळ्याजवळ सरळ होते आणि पाणी धो धो सांडते. विचार केला तर ही सोंड म्हणजे आपल्याकडची जुनी, लवचीक, न गळणारी नळीच. शिवलेल्या कातड्याची. कातडे कमावण्याचे, मोट शिवण्याचे आणि ती दुरुस्त करण्याचे काम गावातल्या ढोर-चांभारांकडे असे.

गंमत अशी की युरोपातही नळीची सुरुवात शिवलेल्या कातड्यापासूनच झाली. ॲम्स्टरडॅम शहरात यान व्हान डेर हेडेन नावाचा चित्रकार होता. त्याने भावाच्या मदतीने १६७२-७३ च्या सुमारास आग विझवण्यासाठी कातड्याची लांब नळी तयार केली. म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेकाचा विचार चालला असेल, त्या सुमाराची गोष्ट. त्याआधी आगीपर्यंत पाणी हातोहात बादल्यांनी जात असे. नळीमुळे माणसांची रांग संपली. १६९० साली त्याने या विषयावर एक सचित्र ग्रंथही छापला. पण कातड्याची नळी शिवणीवर फाटे, वाळली की कडक होई, तिला सतत तेल-चरबी लावावी लागे. पुढे अमेरिकेत शिवणीऐवजी तांब्याचे रिव्हेट मारून ती मजबूत केली गेली.

खरा बदल रबराने केला. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ताठ होते. ते गंधकाबरोबर तापवले की दोन्ही दोष जातात, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने दाखवले आणि १८४४ साली त्याचे पेटंट घेतले. मग आत कॅनव्हासचे थर आणि वर रबर अशी नळी निघाली. दोन्ही वस्तू एकट्या असत्या तर निकामी. कापड गळते, रबर फुगते. एकत्र केल्या की कापड ताण घेते आणि रबर पाणी धरते. आजच्या नळीच्या पोटात जी दोऱ्याची जाळी दिसते ती त्याच कॅनव्हासची नात.

आपल्याकडे बंद नळातून पाणी आणण्याची विद्या त्याहून जुनी होती. मलिक अंबरने सतराव्या शतकात औरंगाबादला, तेव्हाच्या खडकीला, नहर आणली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यातल्या हौदांत खेळले. पण दाबाखाली, लोखंडी नळातून, घरोघर पाणी आले ते मुंबईत, १८६० साली विहार तलावाची योजना पुरी झाली तेव्हा. मुंबईत तेव्हा रस्तोरस्ती जनावरे होती. १८७४ साली ट्राम सुरू झाली तीही घोड्यांची, आणि १९०५ पर्यंत ती घोड्यांनीच ओढली. दानशूर व्यापाऱ्यांनी रस्त्याकडेला दगडी प्याऊ बांधले. त्यांतल्या अनेकांना वर माणसांसाठी तोटी आणि खाली जनावरांसाठी कुंड असे. लंडनमध्येही तसेच घडले होते. तिथे १८५९ साली सार्वजनिक पाणपोयांसाठी एक संस्था निघाली, आणि आठ वर्षांनी, १८६७ साली, तिने आपल्या नावात गुरांच्या कुंडांचाही समावेश केला. जनावरांची तहान संस्थेच्या नावात यायला आठ वर्षे लागली, पण आली.

आणि इथेच आपल्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. नळ आला तेव्हा सोवळ्या घरांतून त्याला मोठा विरोध झाला. तोटीत चामड्याचा वायसर असतो, मग ते पाणी देवाला कसे चालेल? शिवाय त्याच नळाचे पाणी सगळ्या जातींच्या घरी जाते! आमची आजी या मताची होती. रबरी नळी घरात आली तेव्हाही तिने देवाच्या पाण्याला ती लावू दिली नाही. "गाईला चालेल," ती म्हणाली. म्हणजे गाय देवता खरी, पण तिच्या पाण्याला सोवळे नाही.

देशावरच्या मोटेचे पाणी चामड्यातूनच येई. त्यावर ऊस पिके, त्याचा गूळ नैवेद्याला चाले. मात्र ज्या हातांनी मोट शिवली त्या हातांना विहीर शिवायची बंदी होती. 'शिवणे' या एका क्रियापदाचे दोन अर्थ मराठीने असे शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि ते कधी एकमेकांकडे पाहत नाहीत.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे सर्वांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर. प्रत्यक्षात त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, कुत्री पीत होती, आणि माणसे पिऊ शकत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. कशाने, तर शेण आणि गोमूत्राने. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तळे खुले करणाऱ्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. महाडही काही फार दूर नाही. पण हा धडा मी वर्षानुवर्षे असा शिकवला, की जणू तो दुसऱ्या कुठल्या देशात घडला.

आता कबुलीजबाब.

गडग्याला लागून असलेली आमची ती चिऱ्याची डोण अशी बांधली होती, की तिचा अर्धा भाग गडग्याच्या बाहेर होता. वाटेने जाणाऱ्या कुणाच्याही गुरांनी तोंड घालावे, यासाठी. पुण्याचे काम म्हणून पणजोबांनी ती तशी बांधली, असे घरात कौतुकाने सांगत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मे महिन्याची दुपार. डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक बाई गडग्यापाशी थांबली आणि तिने पाणी मागितले. आत्याने मला तांब्या दिला आणि कसे द्यायचे ते सांगितले. मी गडग्यावर चढलो आणि वरून तिच्या ओंजळीत धार सोडली. निम्मे पाणी कोपरावरून जमिनीवर गेले. तिने "आणखी" म्हटले, मी आणखी ओतले. तिच्यापासून हातभर अंतरावर एक मोकाट बैल डोणीत तोंड बुडवून शांतपणे पाणी पीत होता. तो कुणाचा होता, कुठून आला होता, कुणाला ठाऊक नव्हते आणि कुणी विचारलेही नाही.

ही १९६० च्या आतबाहेरची गोष्ट. घटनेने अस्पृश्यता रद्द करून दहा वर्षे झाली होती आणि १९५५ चा कायदाही आला होता. मला त्या वेळी काही खटकले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पुढे शिक्षक झालो. साधारण पंचाऐंशी साली नववीच्या वर्गात महाडचा सत्याग्रह शिकवत होतो. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, आपल्या गावात कसे होते?" मी म्हणालो, "आपल्याकडे तसे फारसे काही नव्हते." तो खाली बसला. मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. त्याचे घर कुठल्या वाडीत आहे हे मला माहीत होते. मी काय बोललो ते त्यालाही समजले असणार.

असो. नळीकडे येतो.

कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज १९६२ पासून निघू लागली. वीजघर आमच्या शेजारच्या चिपळूण तालुक्यात, पोफळी गावी. पोफळीच्या पन्हळीपासून पोफळीच्या वीजघरापर्यंत आमचा प्रवास झाला, असे मी वर्गात गमतीने म्हणत असे. आमच्या वाडीत वीज आणि पंप यायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली. मी नोकरीला लागलो त्याच सुमारास रहाट थांबला आणि काळ्या रबराची, कॅनव्हासची एक जड नळी घरी आली. उघड्या पन्हळीला जे जमत नव्हते ते बंद नळीने पहिल्याच दिवशी केले. पाणी चढ चढून गोठ्याच्या डोणीत पडले. आई पदर खोचून तयार उभी होती. पाणी पडताना ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग रिकामी कळशी तशीच घेऊन घरात गेली. तिची कंबर तोपर्यंत कायमची वाकली होती.

पुढे वडिलांनी त्या नळीवरून एक फाटा काढून गडग्याबाहेर तोटी बसवली, डोण धुवायला सोपे जावे म्हणून. वाटेने जाणारे लोक त्या तोटीने पाणी पिऊ लागले. कुणीही येई, तोटी सोडी, पिई आणि बंद करून जाई. तांब्या गेला, वरून धार गेली. आजीने आठ दिवस कुरकुर केली, मग तीही गप्प झाली. आमच्या घरातली ती रीत अशी संपली. कुणाचे मतपरिवर्तन होऊन नाही, वाचन करून नाही, माझ्या शिकवण्याने तर नाहीच. मधला हात गेला म्हणून संपली. श्रेय द्यायचेच तर नळीला द्यावे लागेल. गावोगावी असेच झाले असे मात्र मी म्हणणार नाही. नळ येऊनही त्याच्यापाशी वेगळ्या रांगा लावणारी गावे आपल्या राज्यात होती.

त्या काळ्या नळीनंतर प्लॅस्टिकचा काळ आला. पीव्हीसी हा पदार्थ १८७२ साली एका जर्मन शास्त्रज्ञाला, बाउमानला, प्रथम दिसला. उन्हात ठेवलेल्या वायूच्या बाटलीत पांढरी पूड जमली, एवढेच. ती ठिसूळ, कुणाच्या उपयोगाची नाही. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन याने तिच्यात तेलासारखे द्रव मिसळून तिला मऊ केले आणि तेव्हापासून मऊ पीव्हीसीची नळी शक्य झाली. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात जळगावने कडक पीव्हीसीच्या पाइपांत आणि मग ठिबक सिंचनात नाव काढले. १९९४ पासून तर आमच्याच रत्नागिरीजवळ, पावसच्या रस्त्याला, समुद्रकाठी पीव्हीसीची पूड तयार होऊ लागली. म्हणजे पन्हळ परसात उगवत होती, तशी आता नळीही जिल्ह्यातच पिकते म्हणायला हरकत नाही!

मऊ नळी चिरते का, याचे उत्तर तिच्या जन्मकथेतच आहे. तिला मऊ करणारे ते द्रव उन्हाने आणि काळाने हळूहळू बाहेर निघून जाते आणि मागे राहते ती मूळची ठिसूळ पूड. त्यात आमच्याकडचे ऊन, खारा वारा, जनावराचा पाय आणि गोठ्यातले उंदीर. पारदर्शक नळीत तर उजेड शिरतो आणि आत शेवाळ धरते, ते वेगळेच. काळ्या पॉलिथिनच्या नळीत बारीक काजळी मिसळलेली असते, शंभर भागांत अडीच भागांच्या आसपास. ती काजळी ऊन स्वतःवर घेते, म्हणून काळी नळी जास्त टिकते. भारतीय मानकात ते प्रमाण नेमून दिलेले आहे. पूर्वी पीव्हीसी पाइपांत शिशाचे क्षारही वापरत. ते थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. गाईच्या पोटात जाते ते दुधात उतरते, तेव्हा अगदी स्वस्त, भंगार प्लॅस्टिकच्या नळीचा मोह टाळलेला बरा. आणि नळी कुठलीही असो, ती सावलीत गुंडाळून ठेवावी, मोठ्या वेटोळ्यात ठेवावी, जनावराच्या वाटेवर जमिनीत पुरलेला कडक पाइप घालून मऊ नळी फक्त टोकाला ठेवावी. दुपारी सोडलेले पहिले पाणी कढत असते, ते झाडाला जाऊ द्यावे. माझ्या चार नळ्या फुकट गेल्यावर आलेले हे शहाणपण आहे.

पण हे सगळे जमवूनही एक गोष्ट राहतेच. ती चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात समजली.

डोंबिवलीला पुतणीचे लग्न होते. आम्ही दोघेही तीन दिवस गेलो. शेजारच्या मुलाला सांगून ठेवले, की वैरण टाक आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे पंप चालू कर. नळी डोणीतच सोडलेली होती, म्हणजे त्याला डोणीपर्यंत जायचेही काम नव्हते. मुलगा गुणी. त्याने पुढल्या दारी पेंढा टाकला, घड्याळ लावून पंप चालू केला आणि बंद केला. आम्ही परत आलो तेव्हा तांबू हंबरत नव्हती, नुसती उभी होती. डोळे आत गेलेले. डोणीचा तळ कोरडा, त्यावर शेवाळाची खपली. नळी गोठ्यामागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, सांध्याशी फाटली होती आणि दोन दिवसांचे सगळे पाणी एका केळीच्या बुंध्याशी जिरले होते. केळ टवटवीत होती. शेजारी म्हणाले, "पहिल्या दिवशी ओरडत होती खूप. आम्हाला वाटले, तुमच्यासाठी ओरडते."

तिला थोडे थोडे करून पाणी पाजले, डॉक्टरांना बोलावले. जगली. पण त्या विताचे दूध गेले. सौ. मला एवढेच म्हणाली, "अहो, सासूबाई असत्या तर त्यांना खेपेलाच समजले असते." बरोबर होते. आईला प्रत्येक जनावर किती कळश्या पिते ते पाठ होते. आज कोण कमी प्यायले, कुणी नुसते तोंड लावून सोडले, हे ती जेवताना सांगायची आणि त्यावरून कोण आजारी पडणार हेही. ते शहाणपण पाण्याच्या खेपेतच होते. खेप गेली आणि ते गेले. ज्या नळीने मधला हात काढला म्हणून आमच्या दारातली एक लाज संपली, त्याच नळीने मधला हात काढला म्हणून आमची गाय दोन दिवस तहानलेली राहिली. दोन्ही खरे आहे. आईच्या कमरेवर पुन्हा कळशी यावी असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी एकही खेप केलेली नव्हती.

देशावरच्या दुष्काळात, २०१२-१३ साली, गुरांच्या छावण्या लागल्या होत्या. लोक आपापल्या जनावरांजवळच मुक्काम करून राहत, कारण टँकर येऊन गेला तरी आपल्या जनावराच्या तोंडाला पाणी लागले की नाही, हे पाहायला माणूस लागतो. इकडे कोयनेचे वीज करून सोडलेले पाणी, वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट इतके नेमून दिलेले, वाशिष्ठीतून आमच्याच तालुक्यातल्या अंजनवेलजवळ समुद्राला मिळते, आणि सड्यावरच्या वाड्यांना एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. पाणी असणे आणि ते तोंडापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या अंतरात कोण उभे आहे, यावर सगळे ठरते.

नवी काळी नळी काल बसवली. या वेळी ती डोणीपर्यंत नेलीच नाही. दहा पावले अलीकडे, कडीपत्त्याच्या सावलीत, एका पिंपात सोडली आहे. तिथून पुढची दहा पावले बालदीने. डॉक्टरांनी मला वजन उचलायला मना केले आहे, म्हणून बालदी अर्धीच भरतो. तांबूची मुलगी आता दुभती आहे. काल संध्याकाळी ती पाच अर्ध्या बालद्या प्याली, आज सकाळी सात.

आणि तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा. आता पन्नाशी ओलांडलेला असेल. कधी हे लिखाण त्याच्या वाचनात आले, तर त्याने याला त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर समजावे. आपल्या गावात होते. आमच्या गडग्यापाशी होते. तांब्या माझ्या हातात होता.